आठ नंबरचे लोंबते दोरे

२ मार्च

चि. खारूताई,
तुला आणि तुझ्या प्रयोगशाळेला आशीर्वाद.

सोबत सात वेलींची रानमिरी पाठवतो आहे. तू बजावल्याप्रमाणे प्रत्येक वेलीची वेगळी काढली, वेगळी वाळवली, वेगळी बांधली. चुकायला नको म्हणून वेलींना आधीच रंगीत चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. एक नंबरला निळी, दोनला पिवळी, असं करत सातला लाल. शिंप्याच्या घरी रंगांना तोटा नाही.

आठ नंबरच्या वेलीलाही पांढऱ्या अस्तराची चिंधी बांधली होती, पण तिच्याकडून काही मिळालं नाही. ती सातच्याच झाडावर, सातला खेटून चढली आहे. नुसते पिवळट दोरे लोंबत असतात, दाणा एक धरत नाही. तुझी मामी म्हणाली, "असू दे, घरोघरी एखादं असतंच तसं," आणि माझ्याकडे बघत राहिली.

सातचे दाणे बारीक, पण हातात जड लागले. म्हणून ते कागदात न बांधता पिशवी शिवली. कोरं कापड आहे, दुहेरी शिलाई. हे दाणे फार उंचावर होते. झाड तीन मजल्यांएवढं असेल. पण तुझ्यासाठी चढलो. एवढ्या उंचावर गेलं की माणसाला आपलं खरं माप कळतं. देवाचं नाव घेत उतरलो.

पोस्टमन म्हणतो, पत्रं कसली लिहिता, फोन करा. पण डोंगराआड असल्यामुळे आमच्याकडे फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीवर चढून, आणि मला टाकीवर जायला वेळ नसतो.

तुझा
मामा


२८ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. तुझं पार्सल उघडलं तेव्हा आमची खोली पाच मिनिटं शिंकत होती. दारावरचा शिपाई विचारायला आला, कुणाचं काय जळलं.

आता नीट ऐक. मिरी दळून, तिचा अर्क काढून आम्ही तो यंत्रात सोडतो. यंत्र कागदावर डोंगररांगेसारखी रेघ काढतं. एकेक शिखर म्हणजे मिरीतलं एकेक द्रव्य. सगळ्यात उंच शिखर पायपरिनचं, म्हणजे ज्यानं मिरी तिखट लागते त्याचं. ते सातही नमुन्यांत होतं. पण सातमध्ये त्याच्या पलीकडे आणखी एक शिखर आलं, आणि ते आमच्या कुणाच्या ओळखीचं नाही.

मग काचेच्या ताटलीत जंतू वाढवले आणि त्यांच्यावर प्रत्येक अर्काचा एकेक थेंब ठेवला. औषधी गुण असला तर थेंबाभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल तयार होतो. बाकीच्यांचे गोल आठ-नऊ मिलिमीटरचे. सातचा एकोणीस! मी तीनदा मोजला. चौथ्यांदा सरांनी मोजला.

एक काम कर. सातसाठी शिवलीस तशीच एक रिकामी पिशवी पाठव. त्याच कापडाची, त्याच मशीनवर शिवलेली. कारण विशेष काही नाही.

तुझी
खारूताई


९ एप्रिल

चि. खारूताई,

एकोणीस मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच. कोटाचं काज तेवढंच असतं. म्हणजे आपल्या सात नंबरनं जंतूंच्या कापडाला कोटाचं काज पाडलं म्हणायचं! मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं. एकाला कळलं नाही, पण तो दोन शर्ट टाकून गेला.

पिशवी तुला एवढी आवडली हे वाचून बरं वाटलं. मामी म्हणाली, "पोरीनं एक मागितली म्हणून एक पाठवाल? माणसात काही रीत असते." म्हणून बारा पाठवतो आहे. त्याच कापडाच्या, त्याच मशीनवर. शिवाय एक तेरावी आहे, झाकण आणि बटण असलेली. ती तुझ्या गुरुजींना चष्मा ठेवायला. त्यांना सांग, बटण शिंपल्याचं आहे, प्लास्टिकचं नाही.

तुझा
मामा


२० मे

प्रिय मामा,

पिशव्या पोचल्या. एक आम्ही फार नीट तपासली, म्हणजे बघितली. उत्तम आहे. बाकीच्या अकरा प्रयोगशाळेतल्या अकरा जणांनी पळवल्या. सर चष्मा तुझ्या पिशवीत ठेवतात आणि मग चष्मा कुठे गेला म्हणून आम्हाला विचारतात.

आता कामाचं. सरांचं एक वाक्य आहे, "एकदा आलेला आकडा ही अफवा, दोनदा आलेला आकडा ही बातमी." पुढच्या हंगामात सातची दोनशे ग्रॅम वाळलेली मिरी पुन्हा मिळाली आणि ते शिखर पुन्हा आलं, तरच माझा प्रबंध उभा राहील. माझी मुदत पुढच्या मार्चपर्यंतच आहे. दुसऱ्या कुठल्या वेलीत हे नाही, म्हणून सगळं सातवर. सर स्वतः जानेवारीत बघायला येणार आहेत.

सातला जप. कुणाला तोडू देऊ नकोस, गुरांना घासू देऊ नकोस. तू आहेस म्हणून मी निवांत आहे.

खारूताई


१४ जुलै

चि. खारूताई,

सात नंबर फुलावर आली आहे. रोज दुकान उघडण्याआधी जाऊन बघून येतो. बुंध्याशी टेपनं घेर घेतो आणि खडूच्या डब्यावर लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच भरली.

तुझे गुरुजी यायचे म्हणून मी जरा आवराआवर केली. तुला आठवत असेल, माझे उस्ताद म्हणायचे, "शिलाई कशीही असो, लोंबता दोरा दिसला की गिऱ्हाइकाला सगळा कपडाच उसवलेला वाटतो." त्यांनी मला सहा महिने मशीनला हात लावू दिला नव्हता, नुसते दोरे कातरायला लावले होते. ती सवय हाताला लागली ती लागलीच. परवा आठ नंबरकडे बघितलं. ही बया आयत्या झाडावर चढून बसली आहे, सातच्या वाट्याचं खाते आहे, आणि वर अंगभर पिवळे दोरे लोंबवून उभी! माझ्यानं राहवलं नाही. धार लावलेली लहान कात्री घेतली आणि दोन दुपारी बसून एकेक दोरा कातरून काढला. पान एक दुखावलं नाही. हाताला आला तो एकही दोरा ठेवला नाही.

आता सात नंबर कशी उठून दिसते! नव्या कपड्यातल्या मुलीसारखी.

तुझा
मामा


३ ऑगस्ट

प्रिय मामा,

घाईत लिहिते आहे. आमचं यंत्र बिघडलं आहे आणि दुरुस्तीवाला रोज "उद्या" म्हणतो.

छान केलंस. सातच्या वाट्याचं आता तिलाच मिळेल. इतक्या आस्थेनं कोण करतं? सरांनाही तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माणूस व्यवस्थित दिसतो."

खारूताई


१९ ऑक्टोबर

चि. खारूताई,

हे पत्र आठ दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

सातला या वर्षी मिरी धरली नाही. अगदीच नाही असं नाही, पण घड म्हणावेत असे नाहीत. दात पडलेल्या कंगव्यासारखी गत आहे. इथे एक दाणा, तिथे एक, मधे सगळी फट. पानं मात्र हिरवीगार. घेर आणखी एक सूत वाढला. मी पाणी घातलं, पाला घातला, रोज हात जोडतो. मामीला सांगितलं, झाडाखाली उभं राहून माझ्यावर चिडू नकोस, त्याचाही परिणाम होत असेल. तर ती म्हणाली, "मग इतक्या वर्षांत तुम्हीच वाळून जायला हवे होतात."

हाताला येणारे सगळे दाणे धरले तर अकरा ग्रॅम भरतील. दहा दाणे सोनाराच्या तराजूवर मोजून हिशेब केला. तुला दोनशे हवेत.

माझं काही चुकलं का? कापड कापताना चुकलं तर कुठे चुकलं हे मला दिसतं. इथे दिसत नाही.

मामा


३० ऑक्टोबर

मामा,

दिसलं. कुठे चुकलं ते दिसलं, आणि चूक तुझ्याएवढीच माझी आहे.

आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत एक मुलगी फुलांवर काम करते. आम्ही तिला फुलवालीच म्हणतो. तुझी जुलैची आणि आताची, दोन्ही पत्रं तिला वाचायला दिली. जुलैचं पत्र ती अर्धं वाचून थांबली. मग तिनं कपाळाला हात लावला आणि स्टुलावरून घसरेपर्यंत हसली. म्हणाली, "अगं, बागेतल्या मिरीचं वेगळं. रानमिरीत बहुतेक नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. आठ नंबर निकामी नाही, नर आहे! ते लोंबते दोरे म्हणजे त्याची फुलं. तुझ्या मामानं मुहूर्ताच्या दिवशी नवरदेवाला न्हाव्याकडे बसवलं आणि तू लिहिलंस 'छान केलंस'!"

मला हे माहीत नव्हतं, मामा. चार वर्षं मी मिरीवर काम करते आहे, आणि मिरीची वेल फुललेली मी एकदाही पाहिलेली नाही. माझ्याकडे ती पूड होऊनच येते.

आता एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर जानेवारीत सरांच्या तोंडून ऐकशील. त्या अनोळखी शिखराबद्दल सरांना पहिल्यापासून शंका आहे. फक्त सातचीच मिरी कापडातून आली होती. त्यांना वाटलं, पिशवीला मशीनचं तेल लागलं असेल, किंवा गोळा करणाऱ्यानं पदरचं काहीतरी मिसळलं असेल. म्हणून मी रिकामी पिशवी मागवली होती. ती स्वच्छ निघाली. पण दुसरी शंका तशीच राहिली, आणि ती मिटवायला या वर्षीची मिरी हवी होती. आता सर म्हणतील, बघा, बघायला येणार म्हटल्यावर मिरीच गायब झाली.

रागावू नकोस.

खारूताई


९ नोव्हेंबर

चि. भाचीस,

पत्र पावलं. मजकूर समजला.

एकतीस वर्षं लोकांचं कापड माझ्याकडे येतं. उरलेलं वीतभर कापडसुद्धा मी पुडी करून परत देतो. मिरीत काही मिसळावं एवढी अक्कल देवानं मला दिलेली नाही, याबद्दल त्याचे आभारच मानतो.

तुझ्या गुरुजींना सांग, चष्म्याची पिशवी धुऊन वापरावी. तेल लागलं असेल.

अकरा ग्रॅम मिरी तयार झाली की काढून, सुकवून पाठवतो. कागदात बांधून पाठवीन.

मामा


१२ नोव्हेंबर

पोरी,

मामी लिहिते आहे. माझं अक्षर वाचायची तुला सवय नाही, सावकाश वाच. तुझे मामा सुया आणायला गेले आहेत, तेवढ्यात लिहून पोस्टमनच्या हातात देणार आहे.

माणूस चार दिवस घासभर जेवत नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावे लावले. माझा जीव तुटतो म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.

तुझे मामा झाडावर कधी चढले नाहीत. झाडावर काय, घरातला माळा झाडायचा तर मी चढते आणि ते खालून "जपून गं, जपून" करत अंगणात जाऊन उभे राहतात. लग्नाआधी त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांना पोहता येतं. तेही तसलंच. सगळी मिरी मी काढली, लुगड्याचा ओचा करून. हे खाली शिडी धरतात. तिसऱ्या पायरीच्या वर त्यांचा पाय जात नाही, आणि तिसऱ्यावर असले तर दोन्ही हातांनी शिडीलाच मिठी. तेव्हा दोरे कातरले म्हणतात ते किती उंचावरचे, तूच हिशेब कर. हाताला येतील तेवढेच.

परवा मी वर चढून बघितलं. वरच्या फांद्यांवर आठचे दोरे पार सुकून गेलेत, पण कात्री एकालाही लागलेली नाही. आणि शेजारी सातला घड असे लागलेत की विचारू नकोस. बोटभर लांब, दाण्याला दाणा चिकटलेला. तुझे दोनशे ग्रॅम होऊन वर चटणीला उरेल.

मी खाली येऊन यांना सांगितलं. उडी मारायची सोडून खाली बसले. म्हणाले, "आता हे लिहू कसं? वर मिरी आहे म्हणून लिहिलं की वर कोण गेलं हेही लिहावं लागेल. एक तर आधीच मला लबाड समजतात, त्यात ही लबाडी खरीच निघणार."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर चढता येईना आणि बोलताही येईना. तू शहाणी आहेस. यांना कमीपणा न आणता काय करायचं ते कर.

मामी


२१ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि सरांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. चष्म्याच्या वाक्याला तर त्यांनी चष्माच काढला.

ते जानेवारीत येणारच आहेत. अकरा ग्रॅम तर अकरा ग्रॅम, मी काढताना हजर राहीन असं म्हणतात. सोबत एक छापील कागद पाठवते आहे. नमुना गोळा करणाऱ्यानं तो स्वतःच्या हातानं भरायचा असतो. नमुना कुणी काढला, किती उंचीवरून काढला, त्या वेळी सोबत कोण होतं, आणि खाली सही. हा कागद माझ्या प्रबंधाला जोडला जाईल आणि कायम राहील.

रकाने तुझे तू भर. कसे भरायचे ते मी सांगणार नाही. तुझ्या एकतीस वर्षांवर माझा विश्वास आहे.

खारूताई


२४ जानेवारी

चि. खारूताई,

तुझे गुरुजी काल येऊन गेले. तुला परीक्षा होती म्हणून तू आली नाहीस, तेव्हा जसं झालं तसं सगळं लिहितो.

तुझा कागद दोन महिने मशीनच्या खणात होता. रोज काढायचो आणि पहिल्या रकान्यावर अडायचो. 'नमुना कुणी काढला.' खोटं बोलणं एक, पण ते छापील कागदावर भरून खाली सही करणं मला जमेना. बोलण्यातल्या खोट्याला निदान कच्ची शिलाई असते, उसवता येते. शेवटी सकाळी हात जोडले आणि ठरवलं, काय व्हायचं ते होवो.

गुरुजी आले. सडपातळ गृहस्थ, बूट चांगले, पँट कमरेत एक इंच सैल. खिशातून चष्मा काढला तो आपल्याच पिशवीतून. मी बघतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "धुतलेली नाही. गरज पडली नाही." मी म्हणालो, "पँट आत घेऊन देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

मग झाडाखाली गेलो. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, "गुरुजी, आधी एक ऐका. मी भाचीला लिहिलं की मी चढलो. मी कधी चढलो नाही. मला तिसऱ्या पायरीवर गरगरतं. मिरी आमच्या हिनं काढली. मी शिडी धरली. मिरीत काही मिसळलं नाही, पण पत्रात मिसळलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग शिडीकडे. मग वर. म्हणाले, "वर मिरी आहे?"

"भरपूर आहे."

"मग मी स्वतःच चढून काढतो. म्हणजे शंकेला जागा नको."

आणि चढले की! पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर थांबले. बराच वेळ थांबले. मी विचारलं, "काय झालं?" तर वर न बघता, खाली न बघता, समोरच्या सालीकडे बघत म्हणाले, "काही नाही. बुंध्याचं निरीक्षण करतो आहे."

मला त्या सालीची पूर्ण ओळख आहे. मी त्यांना कमरेला धरून खाली घेतलं.

तोवर तुझी मामी पदर खोचून आलीच होती. "व्हा बाजूला दोघं," म्हणाली आणि खारीसारखी वर गेली. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी शिडी धरली. वरून आवाज आला, "शिडी धरली आहे ना नीट? का एकमेकांनाच धरून उभे आहात?"

गुरुजी हळूच मला म्हणाले, "आमच्याकडेही अशाच आहेत."

सुकून दोनशे साठ ग्रॅम भरेल एवढी मिरी उतरली. तुझ्या मामीनं पिशवीचं तोंड गुरुजींच्या समोर बांधलं आणि गाठीवर त्यांनी सही केली. कापडावर सही उमटत नव्हती, तर मी खडू दिला. आठ नंबरकडे बघून ते म्हणाले, "हेच का ते नवरदेव?" म्हणजे तुझ्या फुलवालीनं सगळीकडे जाहीर केलं आहे. 

कागदावर पहिल्या रकान्यात मामीनं आपलं नाव लिहिलं. अक्षर लावून लिहायला तिला पाच मिनिटं लागली. उंचीच्या रकान्यात काय लिहू म्हणाली, तर गुरुजी म्हणाले, "आमच्या दोघांच्या आवाक्याबाहेर, असं लिहा." तिनं खरंच तसं लिहिलं. मग ते खोडून मी टेपनं शिडी मोजली, तिच्या वरचं अंतर हिनं वरून सोडलेल्या दोरीला गाठी मारून मोजलं आणि फूट लिहिले.

गुरुजींची पँट आत घेतली. शिलाई घेतली नाही.

मामा


१६ मार्च

प्रिय मामा आणि मामी,

शिखर आलं! त्याच जागी, तेवढंच उंच. आणि ताटलीतला गोल साडेअठरा मिलिमीटर. सर म्हणाले, "बातमी झाली." मग चष्मा शोधायला लागले. तो पिशवीत होता.

ते द्रव्य नेमकं काय आहे हे कळायला अजून वर्षं जातील. पण ते मिरीचंच आहे, पिशवीचं नाही आणि माणसाचं नाही, एवढं पक्कं. प्रबंध वेळेत जातो आहे. सरांनी त्यात एक ओळ स्वतः घालायला लावली, की पुढच्या संशोधकांनी रानमिरीच्या मादी वेलीबरोबर शेजारच्या नर वेलीचीही काळजी घ्यावी. मी 'कात्रीपासून' हा शब्द घातला होता, तो त्यांनी काढला.

सुरुवातीला आभाराचं पान असतं. मामीचं लिहून झालं: 'सर्व नमुने, तीन मजल्यांएवढ्या उंचीवरचेसुद्धा, स्वतः चढून काढणाऱ्या माझ्या मामीस.' मामा, तुझ्यासाठी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. तुझं काय लिहू?

तुमची
खारूताई


२३ मार्च

चि. खारूताई,

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं. 'स्वतः चढून' हे शब्द तिनं दोनदा वाचले. ऐकणारा मी एकटाच होतो, तरी आवाज असा की दुकानातल्या गिऱ्हाइकाला वाटलं बाहेर काही जाहीर करताहेत.

आठ नंबरची पांढरी चिंधी काल सोडली. सातच्या लाल कापडातला एक तुकडा उरला होता, तो बांधला. खाली नवे पिवळे दोरे फुटायला अजून अवकाश आहे, पण मी कात्री आतापासूनच मामीच्या पेटीत ठेवायला दिली आहे. माझ्या हाताचा भरवसा नाही. लोंबता दोरा दिसला की हात अजून वळवळतो. देवानं काही दोरे मुद्दाम लोंबते ठेवले आहेत, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. उस्तादांना कळलं असतं तर त्यांनी सहा महिने वाचवले असते.

माझ्याबद्दल विचारलंस. फार विचार केला. उगाच मोठं काही लिहू नकोस, प्रबंधात खोटं नको. 'शिडी धरणारा' एवढंच लिही. आणि जागा उरली तर पुढे 'नीट' घाल.

तुझा
मामा